सहा तास

बत्तीस वर्षं मी मिरजेत लोकांच्या छातीचे फोटो काढले.
हनुवटी वर. खांदे पुढे.
श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका.
अजूनही भाजी घेताना कुणीतरी विचारतं,
"फोटोवाल्या भोरेबाई ना तुम्ही?"
आणि नकळत हनुवटी वर करतं.

आता घरात दोन फुटांची काचेची टाकी आहे.
वर राहणारी मेडिकलची पोरगी परीक्षा संपवून बिदरला गेली,
टाकी, वाळू आणि चार गप्पी
माझ्या उंबऱ्याशी ठेवून.

सांगलीला जाऊन दिवा आणला, दुकानातला सगळ्यात मोठा.
रोपंही आणली. म्हटलं, खाऊ दे उजेड पोटभर.
सकाळच्या चहापासून अंथरूण घालेपर्यंत जळत ठेवला.
आठवड्यात काच हिरवी.
पंधरवड्यात पानांना केस फुटले,
न्हाणीच्या जाळीत अडकतात तसे, लांब, बुळबुळीत.
गप्पी कुठेत ते शोधावं लागायचं.

दिवा विकणारा तौसिफ मोमीन म्हणाला,
"बाई, रोपं जेवली की उठत्यात.
शेवाळ पंगतीतनं उठत न्हाई."

मला हसू आलं नाही.
नव्या पोरांना मीच तर शिकवायचे,
जास्त वेळ दिला की फिल्म काळी पडते,
काळ्यात फासळीही नाही आणि डागही नाही.
किती उजेड, हा अर्धा प्रश्न.
किती वेळ, हा दुसरा अर्धा.
किती लांबून, हा तिसरा अर्धा.
पोरं हसायची. मी त्यांना पुन्हा मोजायला लावायची.

मग जुन्या सवयीची वही काढली.
दिवा नऊ इंच वर, साखळीला.
वेळ: दुपारी चार ते रात्री दहा.
टायमर: दीडशे रुपयांचा, कट्ट आवाज करतो.
क्रिप्ट: सगळी पानं विरघळली. (तौसिफ: उपटू नका, मूळ जागं हाय.)
क्रिप्ट: काही नाही.
क्रिप्ट: काही नाही.
क्रिप्ट: एक टोक, तपकिरी, उंदराच्या कानाएवढं.

जावा फर्न मातीत पुरायची नसते, दगडाला बांधायची.
दगड कृष्णाघाटावरून आणला.
दोरा शेजारच्या दस्तगीरभाईंनी दिला,
सतारीचे पडदे बांधायचा.
गाठही त्यांनीच मारली, ओल्या बोटांनी,
आणि दगडाला कान लावून पाहिला,
सवयीनं.

लुडविजियाचा शेंडा दिव्याजवळ पोचला तेव्हा लाल झाला.
खाली ती हिरवीच आहे.
तो लाल मला ओळखीचा.
डार्करूममध्ये एवढाच एक दिवा असायचा,
आणि ट्रेमध्ये पाण्याखाली
हळूहळू उगवायची कुणाची तरी बरगडी.

बेडगचे एक आजोबा होते. माझा फोन वाजला,
मी 'धरा' म्हटलं आणि बोलत राहिले.
परत वळले तर चेहरा जांभळा,
डोळे माझ्याकडे.
नंतर खोकत म्हणाले, "तुमी सोडा म्हणलाच न्हाई."
फोटो मात्र असा स्वच्छ आला
की डॉक्टरांनी विचारलं, कुणी काढला.
मी नाव सांगितलं नाही.

काल रविवार. चर्चहून येऊन
तिसरा हिस्सा पाणी बदललं,
बादलीत रात्रभर ठेवलेलं.
चारला कट्ट झालं.
सव्वासहाच्या सुमारास चष्मा पुसून पाहिलं
तर क्रिप्टच्या त्याच पानाखाली
एक बुडबुडा.
मोहरीएवढा. सुटेना.
फर्नवर आणखी तीन. लुडविजियावरून तर रांगच निघाली,
सुईतून ओढल्यासारखी, सरळ वर.

मी खुर्ची ओढली.
पानाखालचा तो अजून तसाच, धरून.
दार उघडंच होतं. दस्तगीरभाई जाता जाता थांबले,
"कुणाला सोडा म्हणताय बाई?"

मी हात केला, थांबा म्हणून.
ते आत आले, चपला बाहेर काढून,
आणि माझ्याशेजारी वाकून उभे राहिले,
हनुवटी वर.